दोन वाजून सतरा मिनिटांची काठी

भूत असतं की नसतं, हे शिकल्यासवरल्या माणसाला विचारू नका. नळवाल्याला विचारा. तुम्ही लोक घर पुढून बघता. दार, खिडक्या, पडदे, वा वा! आम्ही घर मागून बघतो, भिंतीच्या पोटात शिरून. चाळीस वर्षं मी या शहरातल्या भिंतींची पोटं बघतोय. तिथे पाइप असतात, झुरळं असतात, गवंड्यांनी लपवलेल्या चुका असतात. भूत एकदाही भेटलं नाही. भेटलं असतं तर म्हटलं असतं, बाबा, आलाच आहेस तर जरा बॅटरी धर.

म्हणून टेकडीवरच्या हवेलीत भूत आहे, असं लोक बोलायला लागले तेव्हा माझं डोकंच फिरलं.

हवेली दोनशे वर्षांची. तिच्या मोठ्या मालकीणबाई मेल्या त्यालाच दीडशे वर्षं झाली असतील. आता तिथे संग्रहालय आहे. ज्यावर झोपायचं नाही असे पलंग, ज्यावर बसायचं नाही अशा खुर्च्या, आणि सगळीकडे 'हात लावू नये'च्या पाट्या. तर म्हणे रोज रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी या मालकीणबाई वरच्या मजल्याच्या बोळात काठी आपटत फिरतात. ठक... ठक-ठक... ठक. पाचेक मिनिटं फिरतात, मग झोपायला जातात. लोक तिकीट काढून, घोंगड्या पांघरून रात्रभर बसतात तो आवाज ऐकायला!

आणि हे सगळं कधीपासून? नऊ वर्षांपासून. मी म्हणतो, बाई मेल्यावर आधीची एकशे एकेचाळीस वर्षं काय करत होत्या? काठी शोधत होत्या?

हा प्रश्न शहरात एकालाही पडला नाही. मला पडला, चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला. आणि उत्तरही माझ्याकडे होतं. नऊ वर्षांपूर्वी त्या हवेलीला नवा राखणदार मिळाला होता. तो राखणदार म्हणजे माझा मेहुणा.

मेहुण्याबद्दल सांगायचं तर आधी पान्याबद्दल सांगायला लागेल.

माझ्याकडे एक चौदा इंची पाइप-पाना होता. माझ्या उस्तादानं मला दिलेला, त्याला त्याच्या उस्तादानं दिलेला. मूठ घासून घासून अशी झालेली, की हात घातला की वाटायचं कुणीतरी हातात हात दिला. आता माझी एक पद्धत आहे. माझ्या प्रत्येक अवजाराला लाल दोरी असते. उंचावर काम करताना दोरी मनगटात, नाहीतर जवळच्या खिळ्याला. चाळीस वर्षांत माझ्या हातून अवजार खाली पडलेलं नाही. दुसरे नळवाले हसतात, हसू दे. त्यांचे पाने निम्मे गटारात आहेत.

मेहुणा तेव्हा माझ्या हाताखाली काम करायचा. बायकोचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, उंच, गरीब स्वभावाचा, खांबासारखा उभा राहणारा. हवेलीतलं न्हाणीघर नवं करायचं काम आम्ही दोघांनीच केलं. शेवटच्या दिवशी अवजारं गोळा करताना तो म्हणाला, दाजी, एकदा मोजून घ्या. मी म्हटलं, इथे उस्ताद कोण आहे, तू का मी? त्यानं पिशवी उचलली. घरी येऊन पिशवी उघडली, तर पाना नाही! आणि पाना मी शेवटचा कुणाच्या हातात पाहिला होता? त्याच्या!

पुढच्याच आठवड्यात त्यानं माझं काम सोडलं आणि हवेलीवर राखणदार म्हणून लागला. झालं, माझ्या डोक्यात सगळं पक्कं बसलं. मी त्याला दारातूनच परत पाठवला. परत या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही, म्हटलं. बायको म्हणाली, अहो, राखणदाराला पाइप-पाना कशाला लागेल? मी म्हटलं, विकला असेल. बायको म्हणाली, घासून घासून झिजलेला तो पाना कोण विकत घेईल? त्यावर मी ताटावरून उठलो.

नऊ वर्षं झाली. बायको दर मंगळवारी त्याला भेटायला टेकडीवर जायची. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. परत यायची तेव्हा पिशवी रिकामी असायची आणि तोंड बंद. आणि मी? मी नऊ वर्षांत त्या हवेलीची पायरी चढलो नाही. तिथला नळ गळला तर दुसऱ्याला बोलवा, म्हणून सांगून टाकलं होतं.

तर एका संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं, की ही मालकीणबाई म्हणजे तुझा भाऊ आहे. पुरावा बघ. भूत कधी दोन वाजून सतरा मिनिटांनी येतं? भुताला घड्याळ कुणी दिलं? घड्याळाप्रमाणे चालतो तो नोकरीवरचा माणूस. रात्रीची फेरी मारताना घेतो काठी, आपटतो चार वेळा, सकाळी तिकिटाला रांग. आधी पाना, आता हे!

बायकोनं हातातला घास ताटात ठेवला.

"आणि तो नसला तर?"

"तोच आहे."

"नसला तर," ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांसमोर त्याची माफी मागायची. आणि हाताला धरून त्याला या घरात जेवायला आणायचं."

"आणि असला तर?"

"तर हवेलीच्या मॅडमना सांगा. जाऊ दे त्याची नोकरी."

नोकरी जाणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. हवेलीच्या मागच्या दोन खोल्यांत तो राहायचा. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही गेलं. हे तिलाही माहीत होतं. तरी ती शांतपणे असं म्हणाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण सावध होणं माझ्या स्वभावात असतं तर ही गोष्ट झालीच नसती.

रात्रीच्या भूतशोधाची व्यवस्था मास्तरांकडे होती. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले शास्त्राचे मास्तर. आयुष्यभर पोरांना सांगितलं की भूत नसतं, आणि पेन्शन सुरू झाल्यावर भूत शोधायला लागले. त्यांच्याकडे यंत्रं होती. एक थंडी मोजायचं, एक आपोआप लाल दिवा लावायचं, आणि एक पाळण्याजवळ ठेवतात तसलं, बाळ रडलं की दुसऱ्या खोलीत ऐकू येणारं. ते त्यांनी नातीकडून उचललं होतं. त्यावर पिवळं बदक होतं. बदक वर न्हाणीघराच्या दाराशी ठेवलं आणि त्याची जोडीदार पेटी खाली कचेरीत, मॅडमच्या टेबलावर.

मॅडम म्हणजे संग्रहालयाच्या साहेब. चष्मा, कोट, आणि चेहरा असा की हसू आलं तर आधी अर्ज करावा लागेल. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की मी भूत पकडायला नाही, माणूस पकडायला आलोय. तेवढ्या रात्री तिकिटं बंद ठेवा आणि राखणदाराला रोजच्यासारखं फिरू द्या. त्या म्हणाल्या, पुरावा आणा, मी बघते. मेहुणा तिथेच उभा होता, किल्ल्यांचा जुडगा घेऊन. केस पांढरे झाले होते त्याचे. मला ते आवडलं नाही. चोराचे केस पांढरे झाले की तो बिचारा दिसायला लागतो.

बायकोही आली होती. न्याय होताना बघायला, असं ती म्हणाली. कचेरीत खुर्ची घेऊन बसली आणि विणायला घेतलं.

माझा बेत पक्का होता. आधी मी बायकोच्या पावडरीचा अख्खा डबा वरच्या बोळात पसरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोण फिरतं ते पायांच्या ठशांवरून कळणार! मग तिथल्या एका जुन्या कपाटात जाऊन बसलो. कपाटावर 'हात लावू नये' अशी पाटी होती. आत जाऊन बसू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मास्तर बोळाच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर, मांडीवर यंत्रं घेऊन. दिवे बंद.

अकरा वाजले. बारा वाजले. कपाटात डांबराच्या गोळ्यांचा असा वास, की मला वाटलं मालकीणबाईंच्या आधी मीच भूत होतो. आणि बारानंतर, खोटं कशाला बोलू, मला लघवीला लागली. वयच तसं आहे. मी हळूच बाहेर आलो, बोळातून न्हाणीघरात गेलो, परत येऊन बसलो. आपण कशावरून चाललो, हे कपाटाचं दार लावल्यावर लक्षात आलं.

साडेबाराला मास्तरांनी बॅटरी लावली आणि त्यांचा श्वास अडकला तो मला कपाटात ऐकू आला. ते गुडघ्यावर बसून ठसे मोजायला लागले. मी दार उघडून हळूच म्हटलं, मास्तर, ते माझे आहेत. त्यांनी विचारलं, पण तुम्ही तर म्हणाला होतात की सकाळपर्यंत जागचा हलणार नाही? मी म्हटलं, हललो. कशाला? आता हे मोठ्यानं कसं सांगायचं, खाली मॅडम ऐकत होत्या. मी म्हटलं, असाच. असाच माणूस अनवाणी न्हाणीघरापर्यंत जाऊन परत येत नाही, असं मास्तरांचं मत पडलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं: ठसे रुंद, चाल जड, डावा पाय ओढत, बाई वयस्क असाव्यात.

माझ्या पायाला वयस्क बाई म्हटलं त्या माणसानं! मी परत कपाटात बसलो. बाहेर राहिलो असतो तर मास्तरांचंच भूत झालं असतं.

एकला मेहुण्याची फेरी झाली. बॅटरी, किल्ल्या, पावडर बघून क्षणभर थांबला, मग भिंतीच्या कडेकडेनं चालत गेला. काठी नव्हती. मी मनात म्हटलं, लपवली असेल. दोनला पुन्हा आला. पुन्हा काठी नाही. खाली गेला. आता लक्ष, म्हटलं, आता चोरपावलांनी परत येणार.

दोन वाजून सतरा मिनिटं.

ठक.

माझ्या अंगावरचा प्रत्येक केस उभा राहिला, होते तेवढे.

ठक-ठक.

आणि त्याच वेळी कपाटासमोरून एक सावली सरकली. मी दार ढकललं, उडी मारली आणि तिच्या कमरेला मिठी घातली. "सापडलास!" मी ओरडलो. पावडरीवर आम्हा दोघांचे पाय सुटले, आणि त्या गुळगुळीत फरशीवरून आम्ही एकमेकांना धरून थेट जिन्याच्या कठड्यापर्यंत घसरत गेलो. सावली रडवेल्या आवाजात म्हणत होती, "सोडा बाई, मी काही केलं नाही, मी फक्त थंडी मोजत होतो."

मास्तर होते.

आणि आम्ही दोघं तिथे एकावर एक पडलेलो असताना, बोळातून शांतपणे, ठक... ठक-ठक... ठक.

खालून जिन्यातून बायकोचा आवाज आला. "अहो, काय झालं? माझा भाऊ इथेच आहे हो. माझ्यासमोर बसून चहा पितोय."

मास्तर माझ्या पोटावर पाय देऊन उठले आणि खाली पळाले. तीस वर्षं शास्त्र शिकवलेला माणूस, एका उडीत तीन-तीन पायऱ्या!

मी एकटा राहिलो. आणि खरं सांगतो, मी कठडा घट्ट धरला. मेहुणा खाली, मास्तर खाली, मॅडम खाली, बायको खाली. मग वर कोण? मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, बाई, मी कपाटाला फक्त आतून हात लावला.

ठक-ठक.

आणि तेव्हा माझा कान जागा झाला. भीती डोक्याला वाटते, कानाला नाही. कान चाळीस वर्षं नोकरीत आहे. काठी फरशीवर आपटली तर आवाज बसका येतो. हा आवाज बसका नव्हता. त्याच्या शेपटीला बारीक कंप होता. हे लोखंडावर लोखंड होतं. आणि ते बोळात नव्हतं, भिंतीत होतं. मी भिंतीला कान लावला. आवाजाच्या मागे दुसरा आवाज होता, तो तर मी झोपेतही ओळखतो. पाणी!

आमच्याकडे पाणी भागाभागानं सोडतात. टेकडीच्या भागाला रात्री दोनला. खालच्या मोठ्या टाकीपासून हवेलीपर्यंत चढायला त्याला सतरा मिनिटं लागतात, हे मी स्वतः मोजलं होतं, नऊ वर्षांपूर्वी, हीच लाइन टाकताना! पाण्याच्या पुढे हवा पळते, उभा पाइप थरथरतो, वरची टाकी भरायला लागली की पाचेक मिनिटांत शांत होतो. भुताला घड्याळ कुणी दिलं म्हणून मी गावभर विचारत फिरलो. मीच दिलं होतं!

न्हाणीघराच्या मागे पाइप जायला एक अरुंद उभी पोकळी आहे. माणूस कसाबसा मावतो. तिला लाकडी झाकण, चार पितळी स्क्रू. स्क्रू माझेच. खिशातल्या पेचकसानं मी ते काढले, झाकण बाजूला केलं आणि बॅटरी मारली.

लाल दोरी.

खिळ्याला माझी गाठ. डावीकडून दोन वेढे, वर एक फास, दुसरं कुणी तशी बांधत नाही. आणि दोरीच्या टोकाला माझा चौदा इंची पाना, थरथरणाऱ्या पाइपावर डोकं आपटत. ठक. ठक-ठक.

शेवटच्या दिवशी, पाइपाला भिंतीशी धरून ठेवणारी वरची पट्टी आवळायला, मेहुण्याच्या हातून पाना घेऊन मी आत शिरलो होतो. हात मोकळा करायला पाना खिळ्याला लटकवला होता. माझी पद्धत! मग आतला अंधार, उकाडा, बाहेर येण्याची घाई, आणि मी झाकण लावून टाकलं. पट्टीसुद्धा सैलच राहिली होती.

मी तिथे खालीच बसलो. आणि बोललो त्याच्याशी. माणूस एकटा असला की बोलतो.

"तू इथे लटकतोयस होय? नऊ वर्षं?" मी म्हटलं. "अरे, तुझ्यापायी मी त्या बिचाऱ्याला चोर ठरवलं. दारातून हाकलला. तिला भाऊ असून नसल्यासारखं करून टाकलं. आणि तू इथे टांगलेला. मीच टांगलेला." माझं नाक वाहायला लागलं होतं. "चल, खाली चल आता. पुष्कळ झालं."

मी गाठ सोडली. पाना हातात घेतला. मूठ तशीच होती, हातात हात दिल्यासारखी. आवाज बंद झाला. मग त्याच पान्यानं मी ती सैल पट्टी आवळली, कारण डोळ्यांदेखत सैल पट्टी ठेवून मी उठू शकत नाही. झाकण लावलं, पाना शर्टाच्या आत घातला आणि वळलो.

दाराशी पिवळं बदक माझ्याकडे बघत होतं. त्याचा दिवा चालू होता.

कचेरीत गेलो तर मॅडम उभ्या होत्या, चष्मा हातात. मास्तर इतक्या भरभर लिहीत होते की वहीतून धूर निघायचा बाकी होता. मेहुणा खाली मान घालून बसलेला. बायकोचं विणकाम मांडीवर पडलेलं, आणि ती माझ्या पोटाकडे बघत होती. तिथे शर्टाच्या आत चौदा इंचाचा उंचवटा होता.

मास्तरांनी निकाल सांगून टाकला. मालकीणबाई नाहीतच! हा एक नोकर आहे. त्याला कुणीतरी वर टांगून मारलं, आणि त्याच्या नावावर दुसऱ्या एका निरपराध माणसाला चोर ठरवलं. आणि हा गृहस्थ, म्हणजे मी, त्या आत्म्याशी समोरासमोर बोलला, त्याला खाली चल म्हणाला, आणि आवाज थांबला! मॅडमनी हलक्या आवाजात मला विचारलं, तो काय म्हणाला? मी म्हटलं, काही नाही. मास्तरांनी लिहिलं: आत्मा मितभाषी.

आता मी काय करावं? पाना बाहेर काढून टेबलावर ठेवला, तर उद्या शहरातला प्रत्येक नळवाला मला विचारणार, काय उस्ताद, दोरीची पद्धत कशी आहे? नाही काढला, तर... मी बायकोकडे बघितलं. तिला पहिल्याच वाक्याला सगळं कळलेलं होतं. चौतीस वर्षं संसार केलाय आम्ही. मी कुणाशी त्या आवाजात बोलतो, हे तिला माहीत आहे. तिच्याशी कधी बोललो नाही, पान्याशीच बोलतो.

ती म्हणाली, "वर काय कबूल केलंत ते सगळ्यांनी ऐकलं. मग आता ज्याला चोर ठरवलं त्याला सांगा की."

मॅडमना वाटलं, भुताच्या वतीनं काही विधी चाललाय. त्या मागे सरकल्या. मी मेहुण्यासमोर जाऊन उभा राहिलो. नऊ वर्षं तोंडात शिव्या तयार होत्या, त्या गिळल्या. शेवटी शर्टावरून पान्यावर हात ठेवला, आणि म्हटलं, "चुकलं माझं."

तो उठून उभा राहिला. माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे अजून.

"दाजी," तो इतकंच म्हणाला, "मी त्या दिवशी म्हटलं होतं, मोजून घ्या."

मी म्हटलं, म्हटलं होतंस. चल जेवायला. तो म्हणाला, पहाटेचे तीन वाजलेत. मग रविवारी ये, म्हटलं. बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि चष्मा नसताना चष्मा पुसल्यासारखं पदरानं काहीतरी करत होती.

गोष्ट इथे संपली असती तर मी आज तोंड वर करून फिरलो असतो.

मेहुणा रविवारी आला, त्याच्या पुढच्या रविवारीही आला. तिसऱ्या रविवारी त्याला घास जाईना. बायकोनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, की हवेली गप्प पडली आहे. लोक घोंगड्या घेऊन येतात, सकाळपर्यंत बसतात, ठक नाही की ठण नाही. पैसे परत मागतात. मॅडम म्हणतात, रात्रीचं बंद करावं लागेल. आणि रात्रीचं बंद झालं, तर रात्रीचा राखणदार कशाला?

मग मेहुणा ताटाकडे बघत म्हणाला, "दाजी, तेवढा पाना परत लटकवता का?"

मला काय वाटलं असेल, सांगा! उस्तादाचा पाना! नऊ वर्षांनी परत मिळालेला! आणि हा प्रामाणिक माणूस मला लोकांना फसवायला सांगतो, ज्याला मी नऊ वर्षं फसवा म्हणत होतो! मी म्हटलं, मुळीच नाही. दुसरा एखादा लटकव. तो म्हणाला, दुसरा लावून बघितला, तो आवाज येत नाही. येणार कसा, बाजारातला पोकळ माल! बायको आत गेली, फडक्यात गुंडाळलेला माझा पाना घेऊन आली, आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. नऊ वर्षांचे मंगळवार होते त्या ठेवण्यात.

गेलो. लटकवला. पण नुसतं लटकवून भागेना, कारण त्या रात्री मी पट्टी आवळली होती ना! पाइप हलेचना. म्हणजे मला, या हातांनी, ठीकठाक बसलेली पट्टी मुद्दाम सैल करावी लागली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! माझा उस्ताद असता तर त्यानं मला त्याच पोकळीत चिणला असता.

आता मालकीणबाई परत फिरायला लागल्यात. मास्तरांची नोकराची गोष्ट मॅडमनी बाजूला ठेवली, कारण पाट्या आधीच छापलेल्या होत्या.

पण पाना शेवटी पाना आहे. परवा एका कामात दोन इंची जुना सांधा सुटेना. दुसऱ्या कुठल्या पान्याला तो दाद देईना. मेहुण्याला सांगितलं, एक दिवस नेतो, रात्रीच्या आत आणतो. काम लांबलं. हवेलीत पोचलो तेव्हा दोनला पाच कमी, आणि वरच्या बोळात घोंगड्या पांघरलेली चाळीस माणसं! दोरी बांधायला उजेड हवा, बॅटरी लावली तर फटीतून दिसणार. मेहुण्यानं मागच्या जिन्यानं मला न्हाणीघरात घेतलं, पोकळीत ढकललं आणि बाहेरून झाकण लावलं.

दोन सतराला मीच आपटला. ठक. ठक-ठक. हातानं, अंधारात, पाइपाला पोट लावून, अठ्ठावन्नाव्या वर्षी. बाहेर बायका हळूच किंचाळत होत्या. झालंही असतं सगळं नीट. पण पोकळीत नऊ वर्षांची धूळ, आणि मला एक शिंक आली. साधी नाही, आमच्या घराण्यातली शिंक, खिडक्या वाजवणारी.

बोळातलं किंचाळणं एकदम थांबलं. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

कालच मॅडमनी हवेलीच्या दारावर नवी पाटी लावलीय. वर जुनंच आहे, मालकीणबाई रात्री काठी आपटत फिरतात वगैरे. खाली ताज्या रंगात एक ओळ वाढवलीय: 'हवा बदलली की त्यांना सर्दी होते.'

मेहुण्यानं पोकळीत माझ्यासाठी एक उशी ठेवलीय. बायको मफलर विणतेय.